जिन्यातलं झाकण

झाकण यंदा प्रत्यक्ष वाजवायचं, एवढंच ठरलं होतं. अध्यक्षांना आज विचारलंत तरी ते गळ्याशप्पथ हेच सांगतील की, बाबांनो, आम्ही फक्त एक झाकण वाजवायचं ठरवलं, पुढचं सगळं आपोआप झालं. (अध्यक्षांच्या आयुष्यात बहुतेक गोष्टी आपोआपच होतात. त्यांनी स्वतः करायला घेतलेल्या गोष्टी फारशा होत नाहीत.)

अध्यक्ष म्हणजे कुणी बडं प्रस्थ समजू नका. आठवडाभर ते पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीमागे बसतात. नळाला पाणी नाही, आलं तर गढूळ, गेलं तर सांगून गेलं नाही, सगळं शांतपणे ऐकून घेतात, मान डोलवतात आणि म्हणतात, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." या एका वाक्यावर त्यांनी अख्खी नोकरी काढली, आता निवृत्ती दारात आली. ऐकून घेणं हे त्यांचं काम होतं. ऐकलेलं डोक्यात शिरलंच पाहिजे, असं साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं.

पण रविवारी हाच माणूस एकदम वेगळा. रविवारी ते 'खिडकीवाले' या बँडच्या चाहता मंडळाचे संस्थापक अध्यक्ष असायचे.

खिडकीवाले तुम्हाला माहीत नसतील तर वाईट वाटून घेऊ नका, ते कुणालाच माहीत नव्हते. चार पोरं एकत्र आली, दोनचार गाणी केली, भांडली आणि आपापल्या घरी गेली. पण त्यांचं पहिलं गाणं, 'तुझ्या जिन्यात अंधार', एका दुपारी रेडिओवर लागलं आणि आपल्या अध्यक्षांनी ते टेप केलं. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते. नुकतंच लग्न झालेला, डोक्यावर भरपूर केस असलेला एक होतकरू कारकून होते. त्या कॅसेटवरून मित्राने कॅसेट केली, मित्राच्या कॅसेटवरून मित्राच्या मेव्हण्याने केली, आणि असं करत करत मंडळ जमलं. पुढे मंडळाच्या सेक्रेटरीने, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, ते कंप्युटरवर चढवलं. म्हणजे आज कुणी फोनवर हे गाणं ऐकत असेल, तर तो त्या मूळ कॅसेटचा पणतूच ऐकत असतो. खरी रेकॉर्ड मंडळातल्या कुणी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

गाणं साधं आहे. मुलगा मुलीला भेटायला जातो आणि जिन्यातला दिवा गेलेला असतो. 'तुझ्या जिन्यात अंधार गं, माझ्या खिशात काडेपेटी' असं सुरू होतं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तो म्हणतो, 'अंधारात पाऊल टाकलं', आणि सगळी वाद्यं क्षणभर थांबतात. तेवढ्यात 'टण्' करून काहीतरी भांडं पडतं. ते टर्रर्र करत गोल गोल फिरतं, आणि एक घाबरलेला, कोवळा बायकी आवाज म्हणतो, "अगं बाई!" मग गिटार.

त्या 'अगं बाई'साठी लोकांनी जीव टाकावा असंच ते होतं. बाकीच्या गाण्यात फार राम नाही, हे मंडळातले लोकही खाजगीत कबूल करत. पण ती जागा! दरवर्षी गाण्याच्या वाढदिवसाला मंडळ अध्यक्षांच्या बाहेरच्या खोलीत जमायचं, उभं राहून गाणं ऐकायचं. 'टण्'ला सगळ्यांची बोटं वर जायची, 'टर्रर्र'ला ती गोल फिरायची, आणि 'अगं बाई'ला प्रत्येकाचा हात आपोआप छातीवर. डझनभर मोठी माणसं, त्यातली निम्मी ढेरीवाली, एकाच वेळी छातीवर हात ठेवून लाजताना पाहणं हा एक अनुभव होता. वहिनी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी, तो स्वयंपाकघराच्या दाराआडून घ्यायच्या. त्यांना आत ठेवायचा नियम खुद्द अध्यक्षांचा. "गाणं चालू असताना भांड्यांचा आवाज नको," असं ते दरवर्षी बजावत.

"नाही करणार हो," वहिनी म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

तर यंदा पस्तिसावा वाढदिवस. काहीतरी मोठं करायला हवं, म्हणून अध्यक्षांनी सुचवलं की ते झाकण प्रत्यक्ष वाजवू. भांडं म्हणजे झाकणच, यावर मंडळात एकमत होतं. (ताटली म्हणणारा एक गट होता, तो केव्हाच फुटून निघाला.) जबाबदारी टेलरमास्तरांवर आली, कारण त्यांचा हात मापात बसलेला. मास्तर वाढदिवसाच्या आदल्या रविवारी पोतंभर झाकणं घेऊन आले. पितळी, ॲल्युमिनियमची, कुकरचं एक, आणि एक चक्क पिंपाचं. एकेक झाकण फरशीवर टाकायचं, अध्यक्षांनी डोळे मिटून ऐकायचं आणि मान हलवायची.

"हे जड पडतं."

टण्.

"हे फिरतच नाही. बसतंच एकदम."

ठण्ण्.

"मास्तर, हे पिंपाचं. याने जिनाच कोसळेल."

तासभर हा प्रकार चालला. खालच्या मजल्यावरचे दोनदा वर येऊन गेले आणि अध्यक्षांनी दोन्ही वेळा त्यांची तक्रार नोंदवून घेतली. शेवटी वहिनी बाहेर आल्या. त्यांच्या हातात स्टीलचं एक जुनं झाकण होतं, कडेला पोचा आलेलं.

"हे बघा चालतंय का," त्या म्हणाल्या. "फडताळात मागे पडलं होतं."

मास्तरांनी ते टाकलं. टण्! टर्रर्रर्र... आणि गप. अध्यक्षांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं.

"हुबेहूब! अगं, हुबेहूब तेच! काय योगायोग म्हणावा!"

"हो ना," वहिनी म्हणाल्या. "कमालच आहे." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "अहो, काही आठवलं का तुम्हाला?"

"आठवायचंय काय? गाणं आठवलं!"

"बरं," असं म्हणून वहिनी आत गेल्या.

इथवर सगळं आटोक्यात होतं. पण मंगळवारी रात्री जेवण चाललेलं असताना सेक्रेटरी डॉक्टरांचा फोन आला. ते इतके हर्षभरित झाले होते की सुरुवातीला अध्यक्षांना वाटलं, हे प्रेमात पडले.

"अध्यक्ष, माझ्या खुर्चीत आज कोण बसलं होतं सांगा! खिडकीवाल्यांचा ड्रमर! दाढ दुखत होती. मी विचारलं, आमच्या वाढदिवसाला प्रमुख पाहुणे म्हणून याल का?"

"आणि ते हो म्हणाले?"

"तोंडात माझे दोन्ही हात होते. नाही म्हणायला जागाच नव्हती."

अध्यक्षांनी हातातला घास परत ताटात ठेवला. ज्या हातांनी ते गाणं वाजवलं, ते हात आपल्या घरचा चहाचा कप धरणार! त्यांनी त्याच क्षणी भाषण करायचं ठरवलं. पुढचे चार दिवस तक्रारीच्या खिडकीवर लोक बोलत राहिले आणि अध्यक्ष समोरच्या कागदांच्या पाठीवर झाकणाबद्दल लिहीत राहिले. आयुष्यात एकदाच मोठ्या माणसासमोर बोलायची वेळ आली होती, आणि ती फुकट घालवायची नाही असा त्यांचा पण होता. शिवाय डॉक्टरांचा डोळा अध्यक्षपदावर आहे, हे ते ओळखून होते. पाहुणा डॉक्टरांनी आणला, तर भाषण तरी आपलं गाजलं पाहिजे.

रविवारी संध्याकाळी चार वाजताच खोली भरली. ड्रमरसाहेब आले. पांढरे केस, सुजलेला गाल, आणि हातात एक जुनी पेटी. इस्त्रीच्या शर्टांतल्या एवढ्या लोकांना आपल्यासाठी उभं राहिलेलं पाहून ते बावरले.

"कुणी गेलंय का?" त्यांनी डॉक्टरांना हळूच विचारलं.

मग अध्यक्षांचं भाषण झालं. त्यातलं सगळं सांगत नाही, कारण अध्यक्षांनी मला तशी विनंती केली आहे. पण झाकण हे दडपलेल्या मनाचं रूप आहे, ते पडतं तेव्हा माणूस मोकळा होतो, फिरतं तेव्हा काळ फिरतो, आणि ती 'अगं बाई' म्हणणारी तरुणी ही कुणी एक बाई नसून साक्षात प्रीती आहे, असा एकंदर आशय होता. "त्या आवाजाला मी ओळखतो!" अध्यक्षांनी शेवटी आवाज चढवला. "रोज ऐकतो! गर्दीत हजार बायका बोलल्या तरी हा आवाज मी डोळे मिटून ओळखीन!"

आतमध्ये बशीवर बशी आपटल्याचा आवाज आला. अध्यक्षांनी दाराकडे रागाने पाहिलं.

टाळ्या झाल्या. ड्रमरसाहेबांनीही वाजवल्या, पण त्यांचा चेहरा दुसऱ्याच्या पत्रिकेवर चुकून लग्नाला आलेल्या माणसासारखा झाला होता. ते उठून म्हणाले, "झाकणाचं मला काही फार कळलं नाही, गाल ठणकतोय. पण तुम्ही इतकं प्रेम करता म्हणून एक वस्तू आणलीय. कॅसेट कशाला लावता? ही घ्या खरी रेकॉर्ड."

पेटीत रेकॉर्ड प्लेयर होता आणि त्यावर ती, छोटी, काळी, चकाकणारी. आपण जिचा नुसता पणतू ऐकत होतो ती मूळ पुरुष, की मूळ स्त्री, समोर होती. मास्तर वहिनींचं झाकण घेऊन जागेवर उभे राहिले. सुई टेकली. काय तो आवाज! काडेपेटीतली एकेक काडी ऐकू येत होती. पहिलं कडवं झालं, दुसरं आलं. 'अंधारात पाऊल टाकलं', सगळी वाद्यं थांबली, सगळी बोटं वर गेली...

रेकॉर्डवर काहीच वाजलं नाही.

पण मास्तरांचं लक्ष खुणेवर होतं. त्यांनी झाकण सोडलं. टण्! ते कडेवर उभं राहिलं आणि टर्रर्र करत सरळ स्वयंपाकघराच्या दिशेने निघालं. नेमक्या त्याच वेळी वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या, झाकण त्यांच्या पायांत घुसलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं बाई!"

डझनभर हात छातीवर गेले.

"वा! वा! वहिनी!" डॉक्टर ओरडले. "काय कोरस दिलात! वेळेवर, अगदी वेळेवर!"

ड्रमरसाहेबांनी घाईघाईने सुई उचलली. "काय पडलं? कुणाला लागलं का?"

"लागलं नाही हो," अध्यक्ष हसून म्हणाले. "ते तुमचंच झाकण."

"माझं कसलं झाकण?"

"गाण्यातलं!"

"गाण्यात झाकण कुठेय?"

आता मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. रेकॉर्ड पुन्हा लावली. पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा शांतता, मग गिटार. डॉक्टर वैद्यकीय सुरात म्हणाले, "झिजली असेल. तेवढाच भाग झिजतो कधीकधी."

"झिजली तर खरखर वाढते हो, झाकणं गळून पडत नाहीत," ड्रमरसाहेब म्हणाले.

"मग ही रेकॉर्ड खोटी आहे," अध्यक्षांनी निकाल दिला.

"अहो, मी स्वतः वाजवलंय ते गाणं!"

"तुम्हाला आठवत नसेल. वय होतं माणसाचं." अध्यक्षांचा आवाज समजुतीचा झाला होता, थेट तक्रारीच्या खिडकीवरचा. "तुमच्या बँडमध्ये एक तरुण मुलगी होती..."

"आमच्या बँडच्या आसपास बाई म्हणजे घरमालकीण, आणि ती 'अगं बाई' नाही, 'बंद करा ते' म्हणायची!"

शेवटी कॅसेट लावली. ड्रमरसाहेब कान देऊन ऐकत होते. टण्. टर्रर्र. अगं बाई. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना मास्तरांनी हळूच वळून जमिनीवरच्या झाकणाकडे पाहिलं. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. मग डॉक्टरांनी पाहिलं. एकेक करत सगळ्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. सगळ्यांत शेवटी वळली ती अध्यक्षांची, आणि तीसुद्धा सगळे तिकडे का बघतायत हे बघायला.

वहिनी ट्रे घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"मी काही मुद्दाम नाही केलं हं," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघरातच काय तो प्लग होता, म्हणून रेडिओ आणि टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवला होता. हे गच्चीवर. एरियलची तार हातात धरून उभे राहिले की आवाज स्वच्छ यायचा. मला सांगितलं, दोन्ही बटणं एकदम दाब, आणि मग हलायचं नाही, बोलायचं नाही. मी हललेच नाही. पण दूध उतू जायला लागलं. झाकण काढायला गेले, हात भाजला, सुटलं."

"म्हणजे..." अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे दूध..."

"दूधही गेलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. फार घाबरले होते, तुमची टेप बिघडवली म्हणून. तुम्ही खाली आलात, कॅसेट लावलीत, आणि तिथे आल्यावर चक्क उडी मारलीत. म्हणालात, काय डोकं आहे पोरांचं! आणि ती मुलगी, काय गोड आवाज! लग्नाला महिना झाला होता आपल्या. तोवर माझ्या आवाजाला तुम्ही बरंवाईट काहीच म्हणाला नव्हतात. म्हटलं, राहू दे."

कुणीतरी खोकलं. अध्यक्षांना ती दुपार आता लख्ख दिसली. तारेने वळ उठलेले स्वतःचे हात त्यांनी तेव्हा बायकोला कौतुकाने दाखवले होते. तिच्या बोटाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्यांनी "काय झालं" असं विचारलंही होतं, आणि ती "काही नाही" म्हणाल्यावर लगेच कॅसेट पुन्हा लावली होती.

"आणि नंतर?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "इतकी वर्षं?"

"नंतर वाट पाहिली. रोज ऐकताय, म्हटलं ओळखतील कधीतरी." वहिनी हसल्या, पण नेहमीसारखा पदर काही तोंडाला लावला नाही. "मगाशी म्हणालात ना, हजार बायकांत ओळखीन. मी आत एकटीच होते हो."

अध्यक्षांना इतकी लाज वाटली की त्यांनी डोकं खाली घातलं, आणि समोर भाषणाचा कागद दिसला तेव्हा आणखी वाटली. हजारो लोकांचं त्यांनी ऐकून घेतलं होतं, आणि घरातला एक आवाज रोज कानाशी लावूनसुद्धा त्यांना ऐकू आला नव्हता.

ड्रमरसाहेब मात्र गाल धरून उभे राहिले. त्यांचे डोळे चमकत होते. "बाई," ते म्हणाले, "तिथे काहीतरी हवं म्हणून मी घसा फोडून सांगत होतो. बाकीचे म्हणाले, शांतता छान वाटते. त्यावरूनच आमचं फाटलं. आज कळलं, काय हवं होतं ते." त्यांनी रेकॉर्डचं पाकीट पुढे केलं. "सही करा. बँडमध्ये तुमचं नाव राहिलंय."

मग काय विचारता! मास्तरांनी झाकणावर सही मागितली. एकाने फोनवर 'अगं बाई' म्हणायला लावलं, दुसऱ्याने आपल्या बायकोसाठी म्हणायला लावलं. ताटली गटाला समेटाचा निरोप गेला. डॉक्टरांनी संधी साधून ठराव मांडला की मूळ कलावंत हयात असताना नुसत्या ऐकणाऱ्याने अध्यक्ष राहणं शोभत नाही. ठराव हात वर करून मंजूर झाला. त्यात एक हात अध्यक्षांचाही होता. (सगळ्यांनी वहिनींचं नाव पुकारलं तेव्हा डॉक्टरांचं तोंड मात्र उतरलं. त्यांच्या डोक्यात दुसरंच नाव होतं.)

वहिनी अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या. चहा केव्हाच गार झाला होता, तेव्हा कुणीतरी उठणं भागच होतं. माजी अध्यक्षांनी मुकाट्याने ट्रे उचलला. दारात थांबून ते बायकोला म्हणाले, "अगं, आवाज खरंच गोड होता हं. अजून आहे."

"माहितेय," वहिनी म्हणाल्या. "साखर डाव्या हाताच्या डब्यात. आणि दुधाकडे लक्ष असू द्या."

बाहेर पुन्हा रेकॉर्ड लागली. या वेळी झाकण मास्तरांचं आणि आवाज खुद्द वहिनींचा, असा पहिलाच प्रयोग होता. माजी अध्यक्ष ओट्याशी उभे राहून, मान वाकडी करून, जिवाचा कान करून आपल्या बायकोच्या आवाजाची वाट पाहत होते. कान बाहेर असल्यामुळे डोळे पातेल्यावर नव्हते. दूध सर्रकन वर आलं. त्यांनी घाईत झाकण पकडलं, हात भाजला, आणि ते सुटून टण्कन फरशीवर पडलं. पहिल्या कडव्यातच!

"आई गं!" ते किंचाळले.

बाहेर सुई खर्रकन उचलली गेली.

"काय हे!" डॉक्टर ओरडले. "गाणं चालू असताना आत भांड्यांचा आवाज कोण करतंय? नियम आहे ना मंडळाचा! आणि तो सूर कसला, शी! अध्यक्षबाई, माझी तक्रार आहे!"

मग आतल्या माणसाला त्याच्या बायकोचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला, आणि या वेळी त्याने तो लगेच ओळखलाही.

"तुमची तक्रार," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नोंदवून घेतली आहे."